सुट्टे द्या

आमच्या भटवाडीत फोनवर सलग बोलता येत नाही. घाटकोपर पश्चिमेचा हा भाग म्हणजे सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांचा रस्ता. तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि मग सगळी विमानं रांगेत एकामागून एक बहुतेक आमच्या गच्चीवरूनच. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला तर समजायचं, विमान आलंय. सासूबाई तर शिवी अर्धी ठेवून थांबतात आणि विमान गेलं की उरलेली पूर्ण करतात.

एवढी वर्षं डोक्यावरून विमानं जातायत पण आमच्यातलं कोणी विमानात बसायचं म्हटलं की अजूनही घरात लग्नघर होतं. नणंद नागपूरला असते. तिच्याकडे बारसं, त्यामुळे जाणं भाग होतं. विदर्भ एक्सप्रेसला वेटिंग ८४. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आठ तासांत नागपूर वगैरे ठीक आहे पण त्यासाठी गाडी लागते आणि चालवणारा नवरा लागतो, आणि त्याला सुट्टी नव्हती. म्हणजे विमान.

रात्री साडेदहाला बघितलं तर तिकीट ३,८९९. म्हटलं नवऱ्याला विचारून सकाळी काढू. सकाळी ४,६१२. मुलगा म्हणाला, आई तू सारखी सारखी बघतेस म्हणून वाढतं. मला ते काही पटलं नाही, कारण विमानातल्या सगळ्या सीटांचा भाव मुळात एक नसतोच, थोड्या स्वस्त, थोड्या मधल्या, थोड्या महाग असे कप्पे असतात, आणि स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. म्हणजे सकाळपर्यंत कोणीतरी दोन बायका नवऱ्याला न विचारता तिकीट काढून मोकळ्या झाल्या असणार.

मग मुलाने नवा विमानतळ काढला. नवी मुंबईचा, उलव्याचा, २०२५ च्या नाताळला सुरू झाला तो. तिथून तेच तिकीट चारशेने स्वस्त. पंधरा मिनिटं घरात फार आनंद होता. मग कोणीतरी विचारलं, पहाटे साडेचारला घाटकोपरहून उलव्याला जायचं कसं? टॅक्सीवाला ॲपवर हजाराच्या घरात सांगत होता. वाशीचा टोल छोट्या गाड्यांना २०२४ पासून माफ आहे म्हणून नवऱ्याने जोर लावून पाहिला, पण टोल माफ झाला तरी टॅक्सी माफ होत नाही. शेवटी चारशे वाचवायला हजार घालवायचा बेत रद्द केला आणि त्या पंधरा मिनिटांत तिकीट ४,८०० च्या वर गेलं होतं.

बरं ते तिकीटसुद्धा कसलं, नुसतं बूड टेकवायचं. खिडकी हवी तर साडेतीनशे. खायला हवं तर वेगळे. शेवटी कन्व्हिनियन्स फी, म्हणजे माझ्याच मोबाइलवर, माझ्याच नेटवर, माझ्याच बोटाने मी तिकीट काढलं त्याचे.

मला एकदम कळलं की हे काय झालंय. थाळी बंद झालीये. पूर्वी खानावळीत थाळी असायची ना, त्यात चटणी-कोशिंबीर-पापड आलंच, कोणी पापडाचं बिल वेगळं फाडलं नाही. विमानाचं तिकीट तसं होतं. माझे सासरे आयुष्यात एकदाच विमानात बसले, कंपनीच्या खर्चाने दिल्लीला, त्यांना गोळ्या मिळाल्या, पेपर मिळाला, गरम जेवण मिळालं, आणि तो चमचा-काट्याचा सेट आमच्या घरात अजून आहे, तो कसा आला ते विचारू नका. आता थाळी मोडली आणि वाटी-वाटीचा भाव लागला. सगळं सुटं.

आणि हे स्पर्धेने झालं हे विशेष. सासरे असते तर म्हणाले असते, अगं स्पर्धेनेच तर तू विमानात बसलीस. तेही खरंच. १९५३ पासून विमानं फक्त सरकारची, तो कायदा १९९४ ला गेला, आणि मग आमच्या गच्चीवर रंगीबेरंगी शेपट्या दिसायला लागल्या. सासरे रिटायर झाल्यावर संध्याकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसायचे आणि नातवाला शेपटीवरून ओळखायला शिकवायचे. दमानिया आणि ईस्ट-वेस्ट त्याच्या जन्माआधीच गेलेल्या, त्या त्याने नुसत्या ऐकल्या. मग सहारा. २००३ ला डेक्कन आली आणि एक रुपयात विमान ही जाहिरात वाचून सासऱ्यांनी पेपरवाल्यालाच विचारलं की छपाईची चूक आहे का. मग लाल किंगफिशर, ती २०१२ ला जमिनीवर बसली ती बसलीच. जेट २०१९ च्या एप्रिलात, शेवटचं विमान अमृतसरहून निघून मुंबईलाच उतरलं, सासरे तेव्हा आजारी होते, तरी त्या रात्री खिडकी उघडी ठेवायला लावली. गो गेली २०२३ ला, विस्तारा पुढच्या वर्षी एअर इंडियात विरघळली. आमच्या गल्लीतली किराणाची दुकानं गेली ना एकेक करून, आधी एक गेलं मग दुसरं, आणि आता एक मोठं सुपरमार्केट आहे आणि कोपऱ्यावर एकजण तग धरून आहे, तस्संच. देशातल्या विमानात बसलेल्या शंभर माणसांतली साठाहून जास्त एकाच कंपनीच्या, निळ्या इंडिगोच्या विमानात असतात. आता गच्चीत उभं राहिलं की निळी, निळी, लाल, निळी, मधेच एखादी केशरी.

एकीवरच सगळं आलं की काय होतं ते २०२५ च्या डिसेंबरात दिसलं. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, माणसं कमी पडली, हजारो फेऱ्या रद्द, आणि उरलेल्या सीटांचे भाव असे उडाले की सरकारला मर्यादा घालावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, पुढे चढत्या क्रमाने. त्या आठवड्यात आमच्याकडे फोनवर जरा सलग बोलता आलं एवढाच काय तो फायदा.

ही विमानं आमच्या डोक्यावरून जातात त्याचं भाडं मात्र आम्ही देतो असं माझं मत आहे. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, आता पन्नाशीला आली, गॅलरीच्या सळया बाहेर डोकावतायत. तीन बिल्डर येऊन गेले. तिघांनी सारखंच केलं, आधी प्लॉट बघितला, हसले, मग वर बघितलं, तेवढ्यात विमान आलं, आणि चहा न घेता गेले. फनेलमध्ये आहोत आम्ही, म्हणजे विमान उतरण्याच्या वाटेखाली, तिथे उंचीवर मर्यादा, आणि मजले चढवता येत नसतील तर बिल्डर विकणार काय आणि आम्हाला फुकट देणार काय. चार स्टेशनं पलीकडे माझी मैत्रीण बाविसाव्या मजल्यावर गेली. तिचं आधी मला वाईट वाटायचं, म्हणजे माझंच. आता ती मेंटेनन्सला महिन्याला साडेआठ हजार भरते, पार्किंग वेगळं विकत घेतलं, क्लबहाऊसमध्ये वाढदिवस करायचा तर त्याचं भाडं वेगळं. म्हणजे तिथेही थाळी मोडलीच.

असो, बॅगेकडे येते, कारण खरी गंमत तिथे झाली.

पंधरा किलो सामान फुकट, वर गेलं तर किलोमागे पाचशेच्या वर. पंधरा किलो म्हणजे किती हे घरात कोणालाच माहीत नाही. मुलगा म्हणाला तू वजनकाट्यावर बॅग घेऊन उभी राहा आणि मग तुझं वजन वजा कर. मी म्हटलं दुसरा उपाय सांग. मग मला रद्दीवाला आठवला. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, आणि त्याच्याकडे तो आकड्याला लटकवायचा ताणकाटा. मी, मुलगा आणि बॅग, तिघं खाली. त्याने बॅगेचं हँडल आकड्यात अडकवलं, दोन्ही हातांनी उचललं, काटा थरथरला आणि सोळा आठशेवर थांबला. "वहिनी, रद्दी असती तर बरे पैसे झाले असते," तो म्हणाला. मी मनात हिशोब केला, त्याच्याकडे पेपर चौदा रुपये किलो, वरचं माझं सामान पाचशे रुपये किलो, आणि माझ्या सामानात होतं काय तर सोडे, सुके बोंबील, आमसुलं, नाचणीचं पीठ, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा आणि सासूबाईंनी गुपचूप सरकवलेल्या सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या.

खोबरं बघून मुलगा ओरडलाच. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेल इतकं असतं की पेट घेऊ शकतं, ज्वालाग्राही वस्तूंमध्ये धरतात. मी हे पहिल्यांदाच ऐकलं. कोकणातला माणूस वर्षाचं खोबरं माळ्यावर ठेवतो, त्याला कोणी ज्वालाग्राही म्हणाल्याचं ऐकलं नव्हतं. तिथेच फुटपाथवर चेन उघडली, वाट्या काढल्या, नाचणी अर्धी काढली. बोंबलांचा वास सुटला आणि रद्दीवाल्याचं मांजर येऊन बसलं. पुन्हा काट्यावर, चौदा नऊशे. काय द्यायचे विचारलं तर तो म्हणाला, "वजनाचे काय पैसे?" मी दोन वाट्या खोबरं दिलं. मांजराला बोंबील दिला नाही, वजन कमी झालं असतं तरी.

जाताना मेट्रोने गेले. घाटकोपरला चढायचं, मरोळ नाक्याला बदलून भुयारी मेट्रोत, एक स्टेशन की विमानतळ, पन्नासाच्या आत. ही एक गोष्ट या शहराने खरंच स्वस्तात केली, तिला नावं ठेवणार नाही. बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, रिक्षा तेविसाची सव्वीस, त्याचं सगळ्यांना फार लागलं, मलाही लागलं. रोज तीन-तीन रुपये असे जातात की पाकीट कुठे फाटलंय ते कळत नाही. विमानतळात शिरल्यावर मात्र पाकीट कुठे फाटतं ते लगेच कळतं. दोनशे चाळीसचा चहा. कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं सरकारी कॅफे निघालंय म्हणे, पण चहासाठी कोलकात्याला जायचं तर पुन्हा तिकीट आलं. मी घरचा थर्मास सिक्युरिटीच्या आधीच संपवला होता.

बारसं छान झालं. परतीला खिडकीचे साडेतीनशे वाचवले होते, त्यामुळे मधली सीट आली, दोन कोपरांच्या मधली. निघताना सासूबाईंना फोन केला, साडेसहाच्या सुमाराला आपल्या बिल्डिंगवरून जाईन. त्या म्हणाल्या, "हात करते." विमान खाली यायला लागलं, खाडी गेली, मग पत्रे, निळ्या ताडपत्र्या, टॉवर. मी मान लांब करून करून बघत होते. खिडकीतली कॉलेजातली मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "काकू, बघायचंय का?" आणि सीटला पाठ चिकटवून बसली. मी तिच्या मांडीवरून वाकले. एक मेट्रोचा पूल दिसला, एक गच्ची दिसली, लाल टाकीची, ती आमची की बाजूची ते कळेपर्यंत कुर्ला पण गेलं.

घरी आल्यावर विचारलं, दिसलं का विमान? सासूबाई म्हणाल्या, सहापासून उभी होते, ओळीने येत होती, तुझं कुठलं ते काय कळणार, म्हणून सगळ्यांनाच केला हात. साडेसातला डास चावायला लागले तशी खाली आले.