खरचुडीची ओळख: यंदाच्या पावसाळ्यातली नोंद

यंदा एक गोष्ट पक्की ठरवली होती. कंदीलपुष्प, म्हणजे आपली खरचुडी (सेरोपेजिया), पानावरून ओळखायची नाही. त्याला कारण सेरोपेजिया बल्बोसा. एका वेलीला गोलसर, मांसल पानं आणि दुसरीला गवताच्या पात्यासारखी अरुंद. दोन्ही एकाच जातीच्या, अरुंद पानांचा तो लुशिआय प्रकार. फुलं मात्र दोघींची सारखीच.

त्यामुळे आता आधी फुलाची लांबी बघतो, मग बुडाचा फुगवटा, मग वरचा पिंजरा: पाकळ्यांची टोकं जुळलेली आहेत का, पाकळ्यांमधल्या खिडक्या रुंद आहेत की फटीसारख्या. गवतात उभ्या वाढणाऱ्या जातींमध्ये एवढ्यावरही बरंच उलगडतं. जैनीआयचं फूल जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचं असतं. अटेन्युएटाचं त्याच्या दुपटीहून लांब, आणि पाकळ्या सुईसारख्या निमुळत्या.

खरी मजा आत आहे. वेलीखाली गळून पडलेलं एक फूल उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. नळीतले केस सगळे खाली झुकलेले, म्हणजे चिलटाला आत जायला वाट, बाहेर यायला नाही. केस कोमेजले की मगच सुटका, आणि तोवर परागपुंज चिलटाच्या तोंडाला चिकटलेले असतात. बुडाशी मुकुट, म्हणजे दोन वेढ्यांचा दातेरी भाग. बाहेरच्या वेढ्याचे दुभंगलेले दात आणि आतल्या वेढ्याचे पाच सरळ उभे सुळके. जवळच्या जातींचा गुंता सोडवताना या दातांचा आकार आणि त्यांवरचे केस फार कामाला येतात, म्हणून मुकुटाच्या फोटोशिवाय मी आता नोंद पुरी धरत नाही.

वेलीवरचं फूल तोडायचं नाही. कंद तर उकरायचाच नाही. आधीच गुराखी आणि रानडुकरं तो खातात, त्यात आपली भर नको. बाजूने, समोरून, पेरासकट आणि मोजपट्टी लावून काढलेले फोटो पुरतात. नेमकी जागा फोटोसोबत लिहू नका, एवढी कळकळीची विनंती.

पुढचा बेत नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचा. सेरोपेजिया अंजनेरिकाचं वर्णन 2006 साली तिथल्याच झाडांवरून झालं. श्रावण-भाद्रपदात वनखात्याची परवानगी घेऊन, पायवाट न सोडता जाणार आहे. तोवर कुणाकडे सेरोपेजिया ह्युबेरी या जातीच्या मुकुटाचे स्वच्छ फोटो असतील तर जरूर दाखवा. माझ्याकडे कड्यावरच्या वेलीचे लांबून काढलेलेच आहेत.