तुम्ही विचारलंत म्हणून: माझा पौष्टिक सातू कुठे गेला

दर गौरी-गणपतीला कोणीतरी विचारतंच, काय गं, तुझा तो जास्त पौष्टिक सातू बाजारात कधी येणार, सहा वर्षं घातलीस ना त्यात? (सातू म्हणजे बार्ली, जव. मंडईतून सातूचं पीठ म्हणून आणता त्यात बरेचदा गहू आणि डाळंच असतं, पण ते असू दे.) आला नाही. येणारही नाही, निदान माझ्या हातून.

सातूच्या दाण्यात हॉर्डीन नावाचं प्रोटीन भरपूर आणि त्यात लायसीन, म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावं लागणारं एक अमिनो आम्ल, जवळपास नाहीच. म्यूटेशनने हॉर्डीन घटलं की लायसीनचा वाटा वाढतो. डेन्मार्कचा रिसो १५०८ हा सातूचा म्यूटंट असाच. पण त्याचा दाणा चिरमटतो, स्टार्च कमी भरतो, पीक कमी येतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे 'आधी वाचलं नव्हतंस का' हे प्लीज विचारू नका. मला वाटायचं, चांगला गुण आणि वाईट गुण शेजारी-शेजारी बसलेत, नॉर्मल सातूशी भरपूर क्रॉस केले की सुटतील.

क्रॉसची रोपं जोमदार आली, ओंब्याही छान, फक्त मधेमधे दाणेच नाहीत. मी आधी पाण्याला दोष दिला, मग उन्हाला. शेवटी पोटरीतल्या, म्हणजे अजून पानाच्या आवरणातच असलेल्या, ओंब्यांचे परागकोष काढून स्लाइड केली. सातूत क्रोमोसोमच्या सात जोड्या दिसायला हव्यात. दिसल्या पाच, आणि चार क्रोमोसोमचं एक कडं. म्हटलं दोन जोड्या एकमेकींवर पडल्या असतील, म्हणून ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने पुन्हा दाबलं, पुढच्या पेशीत पाहिलं, त्याच्या पुढच्या. कडं तसंच. म्हणजे माझ्या लाडक्या जास्त लायसीनवाल्या लाइनमध्ये दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. असं कडं असलं की काही परागकण आणि बीजांडं निकामी होतात, म्हणून मधेमधे दाणे नव्हते. त्या लाइनमध्ये मी दोन हिवाळे सात जोड्या मोजल्या होत्या आणि त्या बरोबरच होत्या, कारण दोन्हीकडून अदलाबदल सारखीच असली की जोड्या नीट जुळतात, नॉर्मल झाडाशी क्रॉस केला की मगच कडं पडतं. मी चुकीच्या झाडांवर बसून मोजत होते! सर म्हणाले, वा, थीसिसला चॅप्टर मिळाला. मी बाहेर जाऊन रडले.

आणि इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले, क्रोमोसोम बिघडले हो. ऐकायला भारी वाटतं. पण खरं सांगायचं तर कडं नसलेली झाडं पुढच्या पिढीत मिळालीच की मला, ओंब्या गच्च भरलेल्या. त्यांच्यातही लायसीन जास्त तिथे दाणा चिरमटलेलाच. शेजार वगैरे काही नसावा, एकच जीन दोन्ही कामं करत असावं. पण मी झाडं पाहिली तीनशे. तीन हजार पाहिली असती तर? तेव्हाची मी म्हणते, पाहायला हवी होतीस. आताची मी म्हणते, जागा कुठे होती गं, आणि फेलोशिप संपलेली.

मागच्या नोव्हेंबरात कोथरूडच्या बाल्कनीत त्यातलेच दहा दाणे कुंडीत पेरले, कबुतरांनी चार ठेवले. पोटरीत आले तेव्हा परागकोष काढायला हात शिवशिवले, काढले नाहीत. ओंब्या वाळल्यावर तळहातावर चोळून फुंकर मारली. चिरमटलेले. एक जरा भरल्यासारखा वाटला, तो वेगळा ठेवलाय.