१८६२चं प्रदर्शन शोधत लंडनमध्ये पाच दिवस

गेल्या मे महिन्यात पाच दिवस लंडनला राहून आलो. टॉवर, राजवाडा, टेम्सवरची बोट यांतलं काही केलं नाही. मी गेलो होतो १८६२ साली साउथ केन्सिंग्टनला भरलेलं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन बघायला. ती इमारत केव्हाच पाडली गेली, तिचं लोखंड-काच विकलं गेलं आणि जागेवर दुसरी वास्तू उभी राहिली. पण त्या वेळी लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीने ३,००० गिनी मोजून आत फोटो काढण्याचा मक्ता घेतला होता. त्यांचा छायाचित्रकार विल्यम इंग्लंड याने आतली शेकडो जोडचित्रं टिपली. पुठ्ठ्यावर चिकटवलेली ती चित्रं अजून बाजारात मिळतात, आणि भिंगातून पाहिली की अख्खं प्रदर्शन समोर उभं राहतं. मी त्यांचा संग्रह करतो. आजवर घरबसल्या मागवायचो, यंदा स्वतः गेलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लहानपणी ज्यांनी व्ह्यू-मास्टर डोळ्याला लावून खटका दाबलाय त्यांना जोडचित्र म्हणजे काय ते लगेच कळेल. साधारण ७ इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच पुठ्ठा, त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो. दिसायला सारखेच, पण एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला, दुसरा उजव्या. दोन भिंगांच्या चौकटीतून, म्हणजे दर्शकातून, पाहिलं की दोन्हींचं एक होतं आणि खांब पुढे, कमान मागे, अशी खोली दिसते. चार्ल्स व्हीटस्टनने हे तत्त्व १८३८ साली मांडलं. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने आखलेला भिंगांचा सुटसुटीत पेटारा पॅरिसच्या ड्युबॉस्कने बनवून १८५१च्या प्रदर्शनात मांडला. हे आधीचं मोठं प्रदर्शन लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचमहालात भरलं होतं. व्हिक्टोरिया राणीला तो आवडला, आणि मग घरोघरी हे वेड पसरलं.

आता माझी एक फसगत सांगतो, कारण नव्या संग्राहकाला तीच आधी भोवते. सुरुवातीच्या दिवसांत मी एका विक्रेत्याकडून ‘क्रिस्टल पॅलेस, हाइड पार्क, १८५१’ असं लिहिलेलं एक कार्ड ६० पौंडांना घेतलं. वर्षभर ते अभिमानाने दाखवत होतो. मग एकदा शांतपणे भिंगाखाली धरलं आणि छताकडे लक्ष गेलं. हाइड पार्कच्या मूळ इमारतीत फक्त मधल्या आडव्या भागावर कमानदार छत होतं, लांबच लांब मुख्य दालनाचं छत सपाट होतं. माझ्या कार्डातलं मुख्य दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानदार. म्हणजे ती सिडनहॅमची इमारत. हाइड पार्कमधला काचमहाल उतरवून त्याचं सामान दक्षिण लंडनला नेलं, तिथं तो आणखी मोठा करून बांधला आणि १० जून १८५४ला राणीने उघडला. त्याची कार्डं ढिगाने मिळतात. १८५१ची खरी जोडचित्रं बहुतेक डॅगेरोटाइप, म्हणजे चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची. क्लोदे, टी. आर. विल्यम्स यांनी काढलेली. एकेक नग स्वतंत्र, आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेर. त्यामुळे कागदी कार्डावर कुणी १८५१ लिहिलं असेल तर आधी छत बघा. आत मोठी झाडं आहेत का बघा, कारण हाइड पार्कमधली एल्मची झाडं न तोडता इमारत बांधली होती. काचेच्या कारंज्यावर मात्र भरवसा ठेवू नका. ऑस्लर कंपनीचं ते २७ फुटी कारंजं दोन्ही ठिकाणी होतं.

त्या फसगतीनंतर मी १८६२वर आलो, आणि मला वाटतं नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. हे प्रदर्शन १८५१च्या सावलीत झाकलं गेलं. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट १८६१च्या डिसेंबरात वारला, राणी शोकात होती, कॅप्टन फाउकने आखलेल्या इमारतीला लोकांनी नावं ठेवली. तरी ६० लाखांवर माणसं येऊन गेली. संग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही चित्रं कागदावर छापलेली आहेत, क्रमांक आणि शीर्षकासह आहेत आणि अजून साध्या माणसाला परवडतात.

शनिवारी सकाळी पोर्टोबेलो रोड. माझी भाची हॅरोला राहते, तिच्याकडेच उतरलो होतो. नॉटिंग हिल गेटला उतरून आठच्या आत पोहोचलो. बाजार रस्ताभर असला तरी जुन्या वस्तूंची दुकानं नॉटिंग हिलच्या बाजूला आहेत, आणि कागदी माल रस्त्यावरच्या टेबलांपेक्षा आतल्या गाळ्यांत असतो. अकरानंतर पर्यटकांची गर्दी होते, मग खोकं चाळायला कुणी उभं राहू देत नाही. एका गाळ्यात एक वयस्कर बाई बसल्या होत्या. प्रदर्शनाची कार्डं आहेत का विचारलं, तर म्हणाल्या, “खाली दोन खोकी आहेत, लावलेली नाहीत, तुम्हीच बघा.” असं कुणी म्हणालं की बसकण मारायची. विषयवार लावलेल्या खोक्यात भावही लावलेले असतात. न लावलेल्यात चर्च, धबधबे, लग्नाची नाटकी दृश्यं यांच्यात आपलं कार्ड दडलेलं असतं.

पाऊण तासाने मला ‘वाचणारी मुलगी’ सापडली. पिएत्रो माग्नी या इटालियन शिल्पकाराचा हा संगमरवरी पुतळा १८६२ला भलताच गाजला होता. मुलगी खुर्चीवर एका अंगाने बसलीय, पुस्तक खुर्चीच्या पाठीवर टेकवलंय, गळ्यात इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी याचं पदक. मी खिशातून घडीचा दर्शक काढला, दिव्याखाली गेलो. पहिल्यांदा नुसता पांढरा आकार. मग डोळे स्थिरावले आणि खुर्चीचा पुढचा पाय माझ्याकडे आला, पुस्तकाची कड सुटी झाली, खांद्यावरून घसरलेल्या कपड्याच्या चुण्या एकामागे एक दिसायला लागल्या. भाचीने बघितलं आणि म्हणाली, “मामा, ती आत्ता पान उलटेल असं वाटतंय रे.” ३० सांगितलं होतं, २४ पौंडांना दिलं. घासाघीस चालते, पण एकदाच, आणि हसतमुखाने. दोन-तीन कार्डं एकत्र घेतली तर त्या आपणहून कमी करतात.

दर्शक बरोबर नेल्याशिवाय जाऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. हातात धरायचा लाकडी होम्स पद्धतीचा दर्शक प्रवासाला जड पडतो. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे हे स्वतः मोठे संग्राहक आहेत. त्यांनी लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी पुन्हा सुरू केली आणि ‘आउल’ नावाचा प्लास्टिकचा, चपटा होणारा दर्शक तयार केला. तो मी नेला होता. नुसत्या डोळ्यांनी चांगलं दिसणारं कार्ड दर्शकात सपाट निघू शकतं. पूर्वी नक्कल करून विकणारे एकच फोटो दोनदा चिकटवायचे, त्यात खोली येणार कुठून? दर्शक नसेल तर पट्टी काढा. दोन्ही फोटोंत जवळच्या एकाच वस्तूमधलं अंतर मोजा, मग लांबच्या वस्तूमधलं. लांबच्या वस्तूचं अंतर किंचित जास्त भरलं पाहिजे. दोन्ही सारखंच भरलं तर कार्ड सपाट आहे. उलटं भरलं, म्हणजे जवळच्याचं जास्त, तर डावा-उजवा फोटो चिकटवताना अदलाबदल झालीय आणि पुतळा पोकळ साच्यासारखा आत गेलेला दिसेल.

संगमरवर पांढराफक्क पडला असेल तर कार्ड ठेवून द्या. चुण्या दिसल्या पाहिजेत. कोपरे बघा: १८६२च्या कार्डाचे कोपरे चौकोनी आणि पुठ्ठा सपाट असतो. गोल कोपरे त्या दशकाच्या अखेरीस आले आणि वाकवलेला पुठ्ठा १८७९च्या सुमारास, म्हणून वाकड्या पुठ्ठ्यावरचं १८६२ हे नंतरचं छापील. कार्डाच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी शाबूत असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. निघण्याआधी गेटी संग्रहालय आणि अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ही मालिका बघून ठेवा. फुकट आहे, आणि डोळा तयार होतो.

रविवारी फोटोग्राफिका. जुने कॅमेरे आणि फोटो यांचा हा बाजार दरवर्षी मे महिन्यात भरतो. जागा आणि तारीख त्या वर्षीची तपासूनच तिकीट काढा. मुख्यत्वे कॅमेऱ्यांचा बाजार आहे, जोडचित्रांची टेबलं थोडीच, पण तिथले विक्रेते जाणकार असतात आणि विचारलेलं मनापासून सांगतात. रोख पौंड जवळ ठेवा.

सोमवारी नुसता चाललो. हाइड पार्कच्या दक्षिण कडेला, जिथं काचमहाल होता, आज हिरवळ आणि घोड्यांची वाट आहे. शेजारी अल्बर्टचं स्मारक. सोन्याने मढवलेल्या अल्बर्टच्या हातात १८५१च्या प्रदर्शनाचा कॅटलॉग आहे, हे खालून पटकन लक्षात येत नाही. कोलब्रुकडेलच्या कारखान्याने त्याच प्रदर्शनासाठी ओतलेली लोखंडी दारं जवळच केन्सिंग्टन गार्डन्सच्या तोंडाशी उभी आहेत. त्यांना हात लावता येतो. तिथून एक्झिबिशन रोडने खाली. १८५१च्या प्रदर्शनात १,८६,००० पौंड उरले, त्यातून ही सगळी जमीन घेतली, म्हणून रस्त्याचं हे नाव.

क्रॉमवेल रोडच्या कोपऱ्यावर नॅचरल हिस्टरी म्युझियम लागतं. १८६२चं प्रदर्शन इथंच होतं. पूर्वेला एक घुमट, पश्चिमेला एक, दोन्ही काचेचे, २६० फूट उंच, आणि मध्ये लांबलचक दालन. मी एक्झिबिशन रोडच्या टोकाला उभं राहून घुमटाखालून दालनाकडे पाहणारं माझं कार्ड दर्शकात घातलं. डोळ्यांत झुंबरं, कारंजी, झेंडे आणि कुठे कुठे माणसांचे धुरकट डाग, कारण फोटो काढताना कॅमेऱ्याची काच काही सेकंद उघडी असायची आणि हललेला माणूस पुसला जायचा. दर्शक खाली केला की लाल बस आणि शाळेची मुलं. मग क्वीन्स गेटपर्यंत सरळ चालत गेलो. त्या दालनाची लांबी पायांना कळली. कार्ड मी त्याआधी शंभरदा पाहिलं होतं, पण ते केवढं होतं हे तेव्हा समजलं. इमारतीचं सामान पुढे उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसला वापरलं. तो १८७३च्या मेमध्ये उघडला आणि १६ दिवसांत जळाला.

मंगळवारी व्हिक्टोरियाहून थेट गाडीने क्रिस्टल पॅलेस स्टेशन. सिडनहॅमचा काचमहाल ३० नोव्हेंबर १९३६च्या रात्री जळाला. चौथरे, रुंद पायऱ्या, स्फिंक्स आणि बागेतले १८५४चे डायनासोर शिल्लक आहेत. माझं ते ६० पौंडांचं कार्ड मी मुद्दाम बरोबर नेलं होतं. वरच्या पायरीवर बसून ते लावलं, आणि त्याच्यावरचा राग गेला. ते जिथलं आहे तिथं ते खरंच आहे. मागे पेन्सिलने मी आता ‘सिडनहॅम’ लिहिलंय. पेनने कधी लिहू नका. तिथलं छोटं संग्रहालय स्वयंसेवक चालवतात, वेळ बघून जा, माझ्या दिवशी बंद होतं.

परतीला कार्डं दोन कडक पुठ्ठ्यांत बांधून हातातल्या पिशवीत ठेवावीत. पावतीवर ‘जुना फोटो, १८६२’ असं लिहून घ्यावं. उलट दिशेने, म्हणजे इथली जुनी कार्डं तिकडे अदलाबदलीला न्यायचा विचार करू नका. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याचं बंधन आहे.

घरी आल्यावर खरी काळजी पावसाळ्याची. हा कागद अंड्याच्या पांढऱ्यावर घडवलेला आहे, दमट हवेत पिवळा पडतो आणि कसरीला आवडतो. पॉलिएस्टरच्या पाकिटात एकेक कार्ड उभं, खोकं बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आत सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती कालांतराने चिकटतात.

रविवारच्या बाजारातून एक कार्ड आणलं त्याबद्दल सांगायचं राहिलं. हिंदुस्थानच्या विभागाचं, १८६२चं. आपल्याकडे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची कल्पना १८५१च्या प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करतानाच निघाली होती, त्यामुळे हा विभाग मला हवाच होता. डावा फोटो बराच उडालाय, कडेला तपकिरी डाग आहे, म्हणून १५ पौंडांत मिळाला. आईला दाखवलं. तिचं वय ८१, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दर्शक धरून ती बराच वेळ काही बोलली नाही. डावीकडचा डाग उजव्या डोळ्याने भरून काढला असणार, कारण मलाही तो दर्शकात दिसत नाही. मग म्हणाली, “ती मागची शाल बघ, दोरीवर टाकल्यासारखी पुढे आलीय.” मी तोवर शाल पाहिलीच नव्हती.