न बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करत असतानाचा हा प्रसंग आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. मेडिसिनच्या स्त्री-वॉर्डातून आलेल्या रेफरन्सवर एवढेच लिहिले होते : ‘सर्व तपासण्या नॉर्मल. रुग्ण सहकार्य करत नाही. मानसोपचार विभागाचे मत कळवावे.’

रुग्ण म्हणजे माणदेशातल्या एका गावातून आणलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या काकू. डोळे उघडे, नजर छताकडे, पापणी क्वचितच लवत असे. पाच दिवसांपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, म्हणून नाकातून नळी घातली होती आणि लघवी तुंबल्यामुळे कॅथेटरही लावावा लागला होता. “गावातली माणसं बाहेरचं काहीतरी झालंय म्हणत्यात. दोन ठिकाणी नेऊन आणलं, गुण नाही,” मुलगा म्हणाला. वॉर्डातल्या रेसिडेंटचा संशय निराळा होता. डोक्याचा सीटी स्कॅन, साखर, सोडियम, मूत्रपिंडांच्या तपासण्या असे सगळे व्यवस्थित असताना ही बाई बोलत नाही, म्हणजे ती नाटक करते आहे, असे त्याचे मत होते आणि ते त्याने काकूंच्या उशाशी उभे राहून, पुरेशा मोठ्या आवाजात मला सांगितले.

मानसोपचार म्हणजे समोरासमोर बसून गप्पा, अशी समजूत डॉक्टरांमध्येही पुष्कळ आढळते. बोलतच नसलेल्या माणसाचे मानसोपचारतज्ज्ञ काय करणार, हा प्रश्न रेसिडेंटच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी काकूंचा उजवा हात हळूच उचलला. सुरुवातीला किंचित विरोध जाणवला, मग ऊब लागलेल्या मेणासारखा तो हात वळत गेला आणि मी सोडल्यावरही हवेत तसाच राहिला. कोपर दुमडून ठेवले, ते तसेच राहिले. “काकू, आता मी काहीही केलं तरी हात वर उचलू द्यायचा नाही,” असे सांगून मी तळहाताखाली फक्त एक बोट लावले, तर हात अलगद वर आला. उशी काढून घेतल्यावरही डोके गादीपासून बोटभर वर तरंगत राहिले. नाटक करणाऱ्या माणसाला असे फार वेळ जमत नाही, हे कोणालाही घरी करून पाहता येईल. शरीर आणि बोलणे असे गोठवून टाकणाऱ्या या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. ती ओळखण्यासाठीच्या बुश-फ्रान्सिस मोजपट्टीच्या प्राथमिक चाळणीत 14 लक्षणे आहेत. त्यांतली दोन आढळली तरी कॅटाटोनियाचा विचार करावा लागतो, आणि येथे सहा होती.

“म्हणजे स्किझोफ्रेनिया ना, सर?” रेसिडेंटने विचारले. दोष त्याचा नव्हता; कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत तसेच शिकवले गेले. कालबाउम या जर्मन डॉक्टरने 1874 साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्याने तो स्वतंत्र मानला होता. पुढे क्रेपेलिनने त्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या पोटात टाकले. प्रत्यक्षात तो तीव्र नैराश्यात, उन्मादात, मेंदूच्या दाहात, काही औषधे एकाएकी बंद केल्यावरही दिसतो आणि 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात हे अखेर नीट मान्य झाले. हा वाद केवळ पुस्तकी नाही. केसपेपरवर गरज पडल्यास हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरचे औषध द्यावे असे लिहून ठेवले होते आणि अशा सुकलेल्या, उपाशी रुग्णाला ते दिले असते तर ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि प्रसंगी मृत्यू, इतपत मजल जाऊ शकते. ती ओळ मी आधी खोडली.

कॅटाटोनियावर पहिले औषध लोराझेपाम, एरवी झोपेसाठी आणि झटके थांबवण्यासाठी वापरतात ते. मात्र झटके न येता मेंदूत सुरू असलेली अपस्मारासारखी उलथापालथही अशीच दिसते आणि तीही याच औषधाने थांबते, त्यामुळे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, आधी काढून घेतला. त्यात तसे काही नव्हते. लोराझेपामची इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि आमच्या वॉर्डाचा फ्रिज बंद होता. सिस्टर बालरोग विभागातून दोन अँप्यूल घेऊन आल्या, कारण मुलांच्या झटक्यांसाठी ती तेथे नेहमी असतात. ऑक्सिजन आणि हाताने दाबून श्वास देण्याची अँबू बॅग जवळ ठेवून दोन मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिले.

दहाएक मिनिटांनी काकूंनी मान वळवली आणि त्यांचे पहिले वाक्य रेसिडेंटसाठी होते : “मी नाटक करत न्हाई.” त्यांनी सगळे ऐकले होते. अन्नाविषयी विचारल्यावर म्हणाल्या, “मी खाल्लं तर पोरं उपाशी मरत्यात.” आपण मोठे पाप केले आहे आणि आपला प्रत्येक घास घरातल्या कोणाच्या तरी ताटातून जातो, याची त्यांना तिळमात्र शंका नव्हती. भीतीने त्या गोठल्या होत्या. धाकटा मुलगा झाल्यावरही त्या महिनाभर अशाच गप्प झाल्या होत्या, ही माहिती त्यांच्या थोरल्या बहिणीकडून मिळाली. मुलाला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तीव्र नैराश्याचे निदान तेथे पक्के झाले.

अशा रुग्णाला इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपीचा, म्हणजे मेंदूला थोडा वेळ विजेचा प्रवाह देण्याच्या ईसीटी या उपचाराचा, सर्वांत चांगला उपयोग होतो. ‘शॉक’ म्हणताच मुलगा उठून उभा राहिला. सिनेमात पाहिलेले सगळे त्याच्या डोळ्यांपुढे होते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास बंदी आहे, हे मी त्याला सांगितले, पण माझे खरे लक्ष काकूंकडे होते. इंजेक्शनचा परिणाम संध्याकाळपर्यंत ओसरणार होता आणि त्यांची स्वतःची संमती घ्यायची तर त्या बोलत आहेत तोवरच. धोके सांगितले, विसरभोळेपणा येऊ शकतो हेही सांगितले. “चटका बसतो का?” असे विचारून त्यांनी मला तेच तीनदा सांगायला लावले. मग म्हणाल्या, “बहीण आत थांबंल तर करा.” भूलतज्ज्ञांनी भूल चढेपर्यंत तिला थांबू देण्याचे कबूल केले.

संध्याकाळी त्या पुन्हा गप्प झाल्या. दोन दिवस लोराझेपामचा डोस वाढवत नेला, तरी दर वेळी सुधारणा थोडी कमीच होत गेली, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर ईसीटीसाठी लावला. आदल्या रात्री सिस्टरने बहिणीला बजावले की रात्री बारानंतर नळीतूनही काही द्यायचे नाही. बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आठ दिस झालं, आम्ही हिच्या तोंडात घास घालाया धडपडतोय, आणि आता तुम्हीच उपाशी ठेवा म्हणताय व्हय?”