तुम्ही विचारलंत म्हणून : तो मनोरा कसला?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलला आमच्याकडे येणारे पाहुणे आय-६५ महामार्गावरून ब्रेन्टवूडकडे जाताना हमखास विचारतात, "तो मनोरा कसला हो?" थोडं पुढे गेलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि तुमच्या गाडीत सारखं हे ६५० काय लागलेलं असतं?" दोन्हींचं उत्तर एकच. तो डब्ल्यूएसएम या रेडिओ स्टेशनचा मनोरा, आणि ६५० हा त्याचा एएमवरचा, म्हणजे मिडियम वेव्हवरचा, आकडा. नॅशव्हिल गाण्याचं गाव होतं म्हणून इथे असं स्टेशन निघालं, असं सगळे धरून चालतात. झालं ते उलट.

१९२५ सालचं नॅशव्हिल स्वतःला 'दक्षिणेचं अथेन्स' म्हणवून घ्यायचं. कॉलेजं, चर्चेस, बँका, आणि सेंटेनियल पार्कात अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची मूळ आकाराची प्रतिकृती. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट या विमा कंपनीने आपल्या इमारतीतच हे स्टेशन सुरू केलं. 'वी शील्ड मिलियन्स' या कंपनीच्या घोषवाक्याची आद्याक्षरं म्हणजे स्टेशनचं नाव. 'जॉर्ज हे' नावाच्या निवेदकाला त्यांनी आणलं. शिकागोच्या डब्ल्यूएलएस या स्टेशनवर त्याने गावाकडच्या गाण्यांचा, म्हणजे कंट्री म्युझिकचा, कार्यक्रम चालताना पाहिला होता. २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री त्याने अंकल जिमी थॉम्पसन या ७७ वर्षांच्या फिडलवाल्याला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) माइकसमोर बसवलं आणि पत्रांचा पाऊस पडला.

शहरातल्या बड्या मंडळींनी नाकं मुरडली. हे गावंढळ काहीतरी आपल्या अथेन्सच्या नावाने देशभर जाणार, याची त्यांना लाज वाटत होती. कंपनी बधली नाही, कारण तिचा विमा घेणारी माणसं याच गाण्यावर वाढलेली. मजूर, शेतकरी, दर आठवड्याला थोडे सेंट हप्ता भरणारे. एजंट दारात उभा राहून शनिवारच्या कार्यक्रमाचं नाव सांगायचा आणि दार उघडलं जायचं. हेतू धंद्याचाच होता, हे मी झाकत नाही. पण त्या धंद्यापायी एका मोठ्या समाजाचं गाणं हवेवर आलं.

शनिवारच्या या कार्यक्रमाचं 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव १९२७ सालचं. त्याआधीच्या तासाला न्यूयॉर्कहून अभिजात संगीताचा कार्यक्रम यायचा. तो संपल्यावर जॉर्ज म्हणाला, आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका. आणि त्याने पुढे केलं डीफोर्ड बेलीला. माउथ ऑर्गनवर हा माणूस 'पॅन अमेरिकन' नावाची आगगाडी वाजवायचा. लांबून येणारी शिटी, चाकांची लय, चढावर लागलेली धाप, सगळं त्या ओंजळीत मावेल एवढ्या वाद्यातून. ते रेकॉर्डिंग मिळवून ऐकाच.

बेली कृष्णवर्णीय होता. ऑप्रीच्या पहिल्या मोठ्या कलाकारांपैकी एक. पण दौऱ्यावर बाकीचे हॉटेलात उतरायचे आणि त्याला खोली मिळायची नाही. १९४१ मध्ये रेडिओ स्टेशनं आणि संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात वाद पेटला होता, त्या सुमारास त्याला काढलं. पुढची कितीतरी वर्षं त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर काढली. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती २००५ मध्ये, तो जाऊन २३ वर्षं झाल्यावर. हे स्टेशन मला फार प्रिय आहे. म्हणूनच त्याची गोष्ट सांगताना बेलीला वगळून पुढे जाता येत नाही.

आता मनोरा. तो १९३२ चा, त्याच वर्षी स्टेशनची ताकद ५०,००० वॉट झाली. नीट पाहा, पतंगासारखा मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता आहे. खाली सगळा भार एका चिनीमातीच्या इन्सुलेटरवर, आणि तोल सांभाळायला ताणलेल्या तारा. आधी तो ८७८ फूट होता. पण रेडिओची जमिनीलगतची लहर आणि आकाशातून परतलेली लहर काही अंतरावर एकमेकींना मारायच्या, म्हणून १९३९ मध्ये तो ८०८ फुटांवर आणला. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून लहर परतते आणि शेकडो मैलांवर उतरते. आपल्याकडे रात्री मिडियम वेव्हवर लांबची आकाशवाणी केंद्रं लागायची, ती याच कारणाने. शेजारूनच रेल्वे जाते. १९३० च्या दशकात रोज संध्याकाळी तिथे माइक ठेवून खरी 'पॅन अमेरिकन' गाडी जाताना ऐकवायचे.

रात्रीच्या या पल्ल्यामुळे दूरदूरचे वादक शनिवार धरून इथे यायला लागले. इथेच राहिले, तर काम मिळे. स्टेशनच्याच इंजिनिअरांनी ट्यूलेन हॉटेलात कॅसल स्टुडिओ काढला. १९५० मध्ये डेव्हिड कॉब या निवेदकाने माइकवरून 'म्युझिक सिटी' म्हटलं आणि तेच शहराचं नाव होऊन बसलं. स्टुडिओ, गीतांचे प्रकाशक, रेकॉर्ड कंपन्या हे सगळं या ओघात आलं.

पुढच्या काळात दोनदा धाकधूक झाली. २००२ च्या सुरुवातीला ६५० वर गाणी बंद करून खेळांच्या गप्पा आणायचं घाटत होतं. श्रोते रस्त्यावर उतरले, बेत बारगळला. २०१० च्या मे महिन्यात कंबरलँड नदीला पूर आला, स्टुडिओ सोडावा लागला. तेव्हा या मनोऱ्याच्या पायथ्याच्या जुन्या इमारतीतून कार्यक्रम चालू ठेवले.

सध्याची काळजी वेगळी आहे. काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत एएम रेडिओच देत नाहीत, मोटरमुळे खरखर येते म्हणून. इंटरनेटवर ६५० ऐकू येतं, पण मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरी रस्त्यांवर त्याचा उपयोग नाही. म्हणून नवी गाडी घेताना मी शोरूममध्ये आधी रेडिओ लावायला सांगितला.