आधी तार, मग पत्ता: शाळेच्या ग्रंथालयाचं नेटवर्क शिकताना

ग्रंथालयातला कॅटलॉग उघडेनासा झाला की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. माझाही जायचा. नेटवर्कचा पाया तारेपासून वर, क्रमाने शिकल्यावर ती सवय सुटली. तार, जोडणी झाल्याचा दिवा, संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर, असा तो क्रम आहे. उभारणीही याच क्रमाने करायची आणि बिघाडही याच क्रमाने शोधायचा. कोल्हापुरातल्या जुन्या, जाड दगडी भिंतींच्या शाळेत हे काम करताना जे हाताला लागलं ते शाळांमधल्या ग्रंथपालांसाठी लिहितो आहे.

खरेदीच्या आधी सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे पडद्यावर लुटुपुटूचं नेटवर्क जोडून पाहायचं सॉफ्टवेअर, वापरलं. ते मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात तीन प्रयोग केले की पाया पक्का होतो. पहिला, दोन संगणक आणि एक स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) जोडून दोघांना हाताने पत्ते देणं आणि पिंग करून, म्हणजे एकाने दुसऱ्याला हाक मारून उत्तर येतं का ते, पाहणं. दुसरा, एकाचा पत्ता मुद्दाम वेगळ्या जाळ्यातला देणं आणि तार ठीक असूनही पिंग का बंद पडतं ते समजून घेणं. तिसरा, मध्ये राउटर टाकून ती दोन जाळी जोडणं. लिनक्ससाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत.

मग मोजणी. एक सर्व्हर, देवघेवीच्या टेबलावर एक संगणक, मुलांना पुस्तक शोधायला चार, एक प्रिंटर, एक वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट आणि कार्यालयाकडून येणारी एक जोडणी, अशा नऊ तारा झाल्या. म्हणजे आठ पोर्टचा (केबल खोचायच्या आठ भोकांचा) स्विच पहिल्याच दिवशी अपुरा. सोळा पोर्टचा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचा) स्विच घ्यावा, मॅनेज्ड, म्हणजे आत सेटिंग बदलता येणारा, नसला तरी चालतो.

केबल कॅट-६, आणि ती पूर्ण तांब्याची. राजारामपुरीत, शाहूपुरीत चौकशी केली तर एकाच नावाखाली दोन भाव ऐकू येतात. स्वस्तातली बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ओळखायची युक्ती सोपी आहे: एक तार ब्लेडने खरवडायची, आत चंदेरी दिसली तर ती घ्यायची नाही. क्रिम्पिंगच्या, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवतात त्या, जागी ही तार लवकर तुटते आणि दोष सापडता सापडत नाही. शक्यतो ३०५ मीटरचा पूर्ण बॉक्स घ्यावा. आवरणावर लांबीचे आकडे छापलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की ओढलेली लांबी कळते. एका जोडणीची मर्यादा १०० मीटर, त्यातले ९० भिंतीतले आणि १० दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्डचे, म्हणजे यंत्राला जोडायच्या आखूड केबलचे.

वायरमनला एक गोष्ट आधीच बजावावी लागते. विजेची वायर आणि नेटवर्कची केबल एका पट्टीतून न्यायची नाही. दोन्हींमध्ये फूटभर अंतर ठेवायचं, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. भिंतीतली केबल थेट संगणकात खोचायची नाही. ती भिंतीवरच्या आय-ओ बॉक्समध्ये (नेटवर्कच्या सॉकेटच्या डबीत) संपवायची आणि तिथून दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड लावायची. भिंतीतल्या केबलच्या तारा एकसंध असतात, टेबल हलवता हलवता वाकून तुटतात. पॅच कॉर्डमधल्या तारा बारीक तंतूंच्या असतात, त्या वाकणं सोसतात.

केबलच्या टोकाला कनेक्टर लावणं मात्र प्रत्येक ग्रंथपालाने स्वतः शिकावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आवरण साधारण तीन सेंटिमीटर सोलायचं, चारही जोड्यांचे पीळ सोडवायचे आणि तारा या क्रमाने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी क्रम, दोन्ही टोकांना हाच. कनेक्टरची खिट्टी खाली, म्हणजे आपल्याला दिसणार नाही अशी धरली की नारिंगी डावीकडे येतो. मग तारा अंगठ्याने सपाट दाबून बारा-तेरा मिलिमीटरवर एका फटक्यात सरळ कापायच्या आणि आत ढकलायच्या. कनेक्टरच्या तोंडाशी आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण मागच्या पकडीखाली गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण त्या आठ बारीक तारांवर येतो.

इथे एक चूक अशी आहे की ती केबल तपासायच्या साध्या टेस्टरलाही सापडत नाही. निळा रंग हिरव्या जोडीच्या मध्ये का घालायचा, असं वाटून काही जण जोड्या शेजारी शेजारी लावतात: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं की स्वस्त टेस्टरचे आठही दिवे बरोबर क्रमाने लागतात. पण संदेशाची एक जोडी डावीकडून ३ आणि ६ क्रमांकांवर असते. त्या दोन तारा आता वेगवेगळ्या पिळांतल्या झाल्या. एकमेकींचा अडथळा रोखणारा पीळच गेला. दोन मीटरवर चालतं, पंचवीस मीटरवर कॅटलॉग अडखळतो आणि दोष सर्व्हरला दिला जातो. आमच्याकडे भिंतीतली एक तार नेमकी अशी निघाली. फक्त रंग बघितल्यावर सापडली.

दुसरी खूण विंडोजच्या सेटिंगमध्ये मिळते. लिंक स्पीड (जोडणीचा वेग) १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसत असेल तर बहुतेक वेळा निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असते. १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. अर्थात दोन्हीकडची यंत्रं गिगाबिटची आहेत ना, ते आधी पाहावं.

इंटरनेट समोरच्या इमारतीतल्या कार्यालयात येतं, अंतर साठ मीटरच्या आसपास. मापात बसतं म्हणून तिथे तांब्याची केबल उघड्यावरून ओढली जाते, आणि एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडल्या की दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जळतात. वीज थेट पडायला लागत नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या तांब्यातून वाट काढतो. दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाश नेणारी केबलच हवी. टोकं जोडून आलेली सिंगल मोड फायबर आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाचं नेटवर्कच्या केबलशी नातं जुळवणारा एक-एक मीडिया कन्व्हर्टर, एवढंच लागतं. काचेतून वीज जात नाही. बाहेरून ओढायच्या फायबरला आधाराची लोखंडी तार जोडलेली असते, ती मात्र इमारतीच्या बाहेरच थांबवावी.

वाय-फायबद्दल थोडक्यात. दगडी भिंत आणि पुस्तकांनी भरलेली लोखंडी कपाटं सिग्नल अडवतात, म्हणून ॲक्सेस पॉइंट कपाटांच्या माथ्यापेक्षा वर लावायचा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल ठेवायचं. मुलांचे कॅटलॉगचे संगणक वाय-फायवर ठेवू नयेत.

आता पत्ते. ग्रंथपालाला हा भाग अवघड जायचं कारण नाही, कारण आपण रोज तेच करतो. प्रत्येक पुस्तकाचा दाखलांक कायमचा असतो, तसा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. बोधांक मात्र पुस्तक कुठल्या फडताळावर सापडेल ते सांगतो, आणि वर्गीकरण बदललं तर तोही बदलतो. तो आयपी पत्ता. १९२.१६८.१०.२५ मध्ये १९२.१६८.१० हे फडताळ आणि २५ ही त्यावरची जागा. फडताळाचा भाग कुठे संपतो ते सबनेट मास्क सांगतं, २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे फडताळाचे. अशा फडताळावर २५४ यंत्रं मावतात. दुसऱ्या फडताळावर जायचं तर गेटवेच्या दारातूनच.

आम्ही १० चं फडताळ मुद्दाम निवडलं. कंपन्यांचे राउटर बहुतेक १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वर येतात, त्यांच्याशी टक्कर नको. ग्रंथालयाच्या राउटरला १, प्रिंटरला ५, सर्व्हरला १० असे कायमचे पत्ते. १०० ते १९९ डीएचसीपीने, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीने, आपोआप वाटायला. सर्व्हरचा पत्ता आपोआप घेऊ दिला तर एके दिवशी तो बदलतो आणि सगळ्या संगणकांवरचे शॉर्टकट एकदम निकामी होतात.

सगळ्यात जास्त छळणारा बिघाड डीएचसीपीचाच असतो. कुणीतरी वाय-फाय वाढवायला म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडतो. तोही पत्ते वाटायला लागतो, पण स्वतःच्या वेगळ्या फडताळाचे. मग काही संगणकांवर कॅटलॉग उघडतो, काहींवर नाही, आणि बंद-चालू केलं की रुग्ण बदलतात. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून डिफॉल्ट गेटवे पाहायचा. तो १९२.१६८.१०.१ नसेल तर उपरा राउटर शोधायचा. तो वापरायचाच असेल तर त्याचं डीएचसीपी बंद करायचं, त्याला १९२.१६८.१०.२ द्यायचा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) नव्हे, लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये लावायची.

ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी कोहा घेतलं. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० पासून वापरात असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर डेबियन किंवा उबंटू लिनक्सवर चालतं. आग्रह एकच: सर्व्हर ग्रंथालयातच असावा. इंटरनेट गेलं तरी देवघेव थांबता कामा नये. मधल्या सुट्टीत तीस मुलं रांगेत असतात, त्यांना उद्या या म्हणणं बरोबर नाही. नेटवर्कच्या बाजूने कोहात दोनच जागी अडतं. वाचकांचा कॅटलॉग ८० क्रमांकाच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे भोक नव्हे, सर्व्हरमधल्या दाराचा क्रमांक) ठेवला आणि कर्मचाऱ्यांचं पान ८०८० वर, तर पानं पुरवणाऱ्या अपाचे या प्रोग्रॅमच्या पोर्टच्या फाइलमध्ये ‘लिसन ८०८०’ ही ओळ घालावी लागते. नाहीतर ते पान उघडतच नाही. आणि कॅटलॉगच्या जागी अपाचेचं स्वागताचं पान दिसलं तर त्याची मूळ साइट बंद करायची राहिलेली असते. बारकोड स्कॅनरला नेटवर्कशी देणंघेणं नाही, संगणक त्याला कीबोर्डच समजतो.

बिघाड आला की आमचा क्रम ठरलेला आहे. आधी स्विचवरचा दिवा. नसेल तर पॅच कॉर्ड बदलायची, मग पोर्ट. सगळेच दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि काहीच चालत नसेल तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली आहेत. साफसफाईनंतर हे हमखास होतं. लोंबणारं टोक कुणीतरी चांगल्या मनाने मोकळ्या भोकात खोचून ठेवतं. दिवा ठीक असेल तर पत्ता. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे डीएचसीपीपर्यंत हाक पोचलेली नाही. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग, मग सर्व्हरला, मग इंटरनेटवरच्या गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. हा आकडा उत्तर देतो पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा. एक सावधगिरी मात्र हवी: विंडोजचा फायरवॉल (बाहेरच्या हाका अडवणारा पहारेकरी) पिंगला बऱ्याचदा उत्तरच देऊ देत नाही. दोन विंडोज संगणकांमध्ये पिंग झालं नाही म्हणून तार उकरायला घेऊ नये.

स्विच, राउटर आणि सर्व्हर एका ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहेत. वीज गेल्यावर यूपीएसने कॅटलॉग चालवत ठेवावा ही अपेक्षा नाही, सर्व्हर नीट बंद करायला दहा मिनिटं मिळाली की झालं. सर्व्हर जमिनीवर ठेवलेला नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. कोहाच्या रोजच्या बॅकअपची एक प्रत दर शनिवारी दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात जाते.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवलेला आहे. तोच क्रमांक स्विचचा पोर्ट, आय-ओ बॉक्सची जागा, यंत्राचा आयपी आणि मॅक पत्ता यांच्यासह एका तक्त्यात आहे. तक्ता कागदावर छापून स्विचच्या पेटीच्या दाराला आतून लावलेला आहे, कारण ज्या दिवशी तो लागतो त्या दिवशी संगणकातली फाइल उघडत नसते.