तुम्ही विचारलंत म्हणून : मुलीची जीन टेस्ट करून घेऊ का?

नौपाड्यात आमच्या सोसायटीत, महाप्याच्या ऑफिसात डबा खाताना, ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात, हळदीकुंकवाला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका, मला एक प्रश्न ठरलेला असतो. "तू ते जीन्सचं काम करतेस ना? मला आमवात आहे. माझ्या मुलीला होईल का गं? तिची जीन टेस्ट करून घेऊ का?" कधी आमवाताच्या (म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिसच्या) जागी ल्युपस असतो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, कधी सोरायसिसबरोबर येणारी सांधेदुखी. बाकी प्रश्न तोच.

उत्तर आधीच देऊन टाकते: नका करू. पैसे वाचतील आणि झोपही. मी डॉक्टर नाही, औषधाचं मला विचारू नका, ते तुमच्या संधिवाततज्ज्ञांनी सांगायचं. पण 'का नको' हे मात्र माझ्याच कामातलं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आधी मुलीचं. भिगवणला, आपण फ्लेमिंगो बघायला जातो त्याच भिगवणला, पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आमवाताचं प्रमाण निघालं साधारण अर्धा टक्का, म्हणजे २०० माणसांत एक. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला आमवात असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, असं स्वीडनमधल्या नोंदींवरून दिसतं. तिप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो. पण ढोबळ हिशेब मांडून बघा: २०० मुलींत एकीच्या जागी तिघी. उरलेल्या १९७ जणींना आईचं दुखणं येत नाही. हुबेहूब जुळ्यांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. दोघींचा डीएनए तोच, वाढलेल्या एकाच घरात, आणि तरी एकीला आमवात असताना दुसरीलाही होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास. डीएनए वाचून भविष्य सांगता आलं असतं तर हा आकडा शंभराच्या जवळ असता.

"मग डॉक्टरांनी भाच्याची एचएलए-बी२७ का करून घेतली?" हा पुढचा प्रश्न येतोच. कारण भाच्याची कंबर आधीच महिनोन् महिने दुखत होती. त्या जनुकाचा मणक्याच्या संधिवाताशी संबंध १९७३ पासून माहीत आहे, आणि लक्षणं असताना निदानाला त्याचा उपयोग होतो. ज्याला काही होत नाही त्याची ती टेस्ट करून फक्त घरात काळजी वाढते. बी२७ असलेल्या बहुतेकांना तो आजार आयुष्यात कधी होत नाही.

आता मी दिवसभर काय करते ते. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, प्रोटीन बनवणारी सुमारे २०,००० जनुकं सगळीकडे हजर. डोळ्यातली पेशी आणि यकृतातली पेशी वेगळी वागते, कारण कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती चालू आहे हे वेगळं असतं. चालू जनुकाच्या आरएनए-प्रती निघतात. त्या मोजल्या की त्या क्षणी पेशी कशात गुंतली आहे ते कळतं. ही मोजणी तापात वेगळी येते, पहाटे आणि संध्याकाळी वेगळी येते, स्टेरॉइडची गोळी घेतल्यावर काही तासांत बदलते. तुमच्या लेकीचा डीएनए जन्माला आल्यापासून तोच आहे. आमवात, ल्युपस अशा ऑटोइम्यून आजारात शरीर स्वतःच्याच अंगावर उठतं तेव्हा जे बदलतं ते हे चालू-बंद. लाळेचं किट मागवून होणारी जीन टेस्ट याच्या वाटेलाही जात नाही.

आणि हे मोजणं म्हणजे महाकटकट. आरएनए इतका नाजूक की आपल्या हाताच्या घामातही तो खाऊन टाकणारी एन्झाइम्स असतात. नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं आणि ते कुरियरच्या पिशवीत, मे महिन्यात, ठाण्याहून महाप्याला येईपर्यंत पडून राहिलं, तर आत पेशी जिवंत असतात आणि भेदरतात. फॉस आणि जून नावाची जनुकं ताण आला की पटकन वर जातात. मग आम्ही मोजतो ते काय, पेशंटचा आजार की ऐरोलीचं ट्रॅफिक? म्हणून वेगळ्या नळ्या असतात, तपकिरी टोपणाच्या, आत आरएनए जागच्या जागी थिजवणारं द्रव घातलेलं. रक्त घेताना नळी हाताच्या खालच्या पातळीला उभी धरायची, म्हणजे ते द्रव उलटं शिरेत जात नाही. भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, खसाखस हलवायची नाही. मग निदान दोन तास साध्या तापमानाला उभी ठेवायची आणि त्यानंतर फ्रीजरमध्ये. ओपीडीत चाळीस माणसांची रांग असताना हे सगळं नीट करणाऱ्या सिस्टरला माझा मनापासून नमस्कार. शोधनिबंधावर तिचं नाव सहसा नसतं.

नमुने आल्यावर आम्ही पहिला आलेख काढतो, प्रत्येक पेशंट म्हणजे एक ठिपका. ठिपके दोन घोळक्यांत पडले की नवीन मुलं खूश होतात: आजारी इकडे, निरोगी तिकडे! मी आधी विचारते, रक्त कधी घेतलं? बऱ्याचदा निघतं असं की पेशंटचं रक्त सकाळी ओपीडीत घेतलं आणि निरोगी म्हणून स्टाफमधल्या लोकांचं दुपारी जेवणानंतर. किंवा अर्धे नमुने जूनमध्ये मोजले आणि अर्धे दिवाळीनंतर. आजाराचा पत्ताच नाही, घड्याळ आणि कॅलेंडर मात्र स्वच्छ दिसतंय. "जनुकांच्या तपासणीतून संधिवाताचा छडा लागला" अशी बातमी वाचली की माझ्या मनात हा प्रश्न पहिला येतो, आणि बातमीत त्याचं उत्तर नसतं.

तरीही या कामावर माझा विश्वास आहे, आणि तो ल्युपसमुळे. २००३ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी, एक मिनेसोटाचा आणि एक डॅलसचा, ल्युपसच्या पेशंटचं रक्त घेऊन हजारो जनुकं एका दमात मोजली. डॅलसचे पेशंट तर लहान मुलं होती. दोघांना दिसलं ते एकच. विषाणू अंगात शिरल्यावर जी जनुकं खडबडून जागी होतात, ती या पेशंटच्या रक्तात आधीच जागी होती. त्यांना जागं करणारं रसायन म्हणजे इंटरफेरॉन. ल्युपसमध्ये रक्तातलं इंटरफेरॉन वाढतं हे १९७९ पासून नोंदलेलं होतं, पण ते इतक्या कमी प्रमाणात असतं की मोजताना हाती लागायचं नाही आणि गोष्ट तिथेच राहायची. जनुकांनी त्याची खूणच पकडून दिली. डॅलसच्या मुलांना शिरेतून स्टेरॉइडचा मोठा डोस दिल्यावर ती खूण पुसली गेली, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

मग औषध लगेच आलं का? कुठलं! इंटरफेरॉन पेशीच्या ज्या दारातून आत संदेश पाठवतं ते दार बंद करणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅब अमेरिकेत मंजूर व्हायला २०२१ उजाडलं. त्याआधी त्याची एक मोठी चाचणी ठरवलेल्या निकषावर नापास झाली होती, दुसरी पास झाली. या चाचण्यांत पेशंटची विभागणी करायला चार जनुकांची टेस्ट वापरली, इंटरफेरॉनची खूण ठळक असणारे आणि नसणारे. पण मंजुरी मिळाली ती अशी टेस्ट करण्याच्या अटीशिवाय. शिवाय एकाच पेशंटमध्ये ही खूण आजाराच्या चढउताराबरोबर फारशी हलत नाही. म्हणजे दर महिन्याला मोजून 'या महिन्यात बरं आहे' असं सांगायलाही ती कामाची नाही. अठरा वर्षांच्या कामातून एक औषध मिळालं, पेशंटच्या हातात देता येईल असा रिपोर्ट अजून मिळाला नाही. मला यात अपयश वाटत नाही. रिपोर्ट विकणारे मात्र ही अठरा वर्षं तुम्हाला सांगणार नाहीत.

बायकांनाच का, हेही विचारतात. ल्युपसच्या दहा पेशंटमध्ये नऊ बायका असतात. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, त्यातलं एक गप्प ठेवायला 'झिस्ट' नावाचा आरएनए त्याला गुंडाळून बसतो. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उंदरांवर दाखवलं की हा झिस्ट आणि त्याला चिकटलेली प्रोटीन्स स्वतःच ऑटोइम्यून आजाराला खतपाणी घालू शकतात. हे सांगितल्यावर लोकलमधली एक बाई म्हणाली, "म्हणजे गप्प बसवण्याचाच त्रास म्हणा की!" सगळा डबा हसला.

आमवाताचं प्रकरण ल्युपसहून अवघड, कारण भांडण सांध्यात चालू असतं आणि आपण रक्त तपासतो. सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढला तरी पूर्वी तो सगळा एकत्र घोटून मोजायचे. सोसायटीला पाण्याचं एकच बिल येतं, त्यावरून कुठल्या फ्लॅटचा नळ गळतोय ते कळत नाही, तशातली गत. आता एकेक पेशी सुटी करून मोजता येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या संयुक्त प्रकल्पाने २०१९ मध्ये अशा तुकड्यांतून १८ प्रकारच्या पेशी वेगळ्या काढल्या, आणि २०२३ मध्ये दाखवलं की ज्याला आपण एकच आमवात म्हणतो त्याचे सांधे आतून निदान सहा तऱ्हांचे असतात. एकीला जे औषध लागू पडतं ते तिच्याच जावेला का पडत नाही, याचा धागा इथे असावा.

मग तुकडा तपासून औषध निवडावं का? २०२१ ची युरोपातली चाचणी, १६४ पेशंट, आधीची बायोलॉजिकल औषधं (प्रतिकारशक्तीतल्या एखाद्या ठरावीक रेणूवर किंवा पेशीवर नेम धरणारी) लागू न पडलेले. ज्यांच्या सांध्यात बी पेशी (प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) कमी, त्यांना बी पेशींवरचं रिटुक्सिमॅब कमी लागू पडेल आणि टॉसिलिझुमॅब हे दुसरं औषध जास्त, असा अंदाज होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघून गट पाडले तर फरक ठोस निघाला नाही. आरएनए मोजून पाडले तर निघाला: बी पेशी कमी असलेल्यांत रिटुक्सिमॅब ३६ टक्क्यांना लागू पडलं, टॉसिलिझुमॅब ६३ टक्क्यांना. मी तो तक्ता बघून खुर्चीतून उठलेच होते. दोन वर्षांनी, पहिल्यांदाच बायोलॉजिकल घेणाऱ्यांवर तसलीच चाचणी झाली, त्यात सुरुवातीलाच तुकडा काढून औषध निवडण्याचा फायदा दिसला नाही. मी परत बसले.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना यातलं काहीही नको आहे. सकाळी उठल्यावर तासभर त्यांना दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, आणि दुपारी त्याच हातांनी त्या पुरणपोळ्या लाटतात. बघणाऱ्याला वाटतं सकाळी नाटक होतं. त्या म्हणतात, "एवढंच सांग, दुखणं उसळणार हे आदल्या दिवशी कळेल का? म्हणजे पाहुण्यांना येऊ नका म्हणेन." काकूंचा प्रश्न मुलीच्या टेस्टपेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि त्यावर कुणीतरी काम केलंय. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने चार पेशंटना घरच्या घरी बोट टोचून रक्त पाठवायला सांगितलं, त्यातल्या एकीने तर चार वर्षं पाठवलं. २०२० मध्ये त्यांनी छापलं की दुखणं उसळण्याच्या आदल्या आठवड्यात रक्तात एका वेगळ्याच जातीच्या पेशी दिसतात, आणि उसळलं की त्या रक्तातून गायब होतात. त्यांची जनुकं सांध्याच्या अस्तरातल्या पेशींशी जुळतात, म्हणजे त्या तिकडेच गेल्या असाव्यात. चारच पेशंट, हे विसरू नका. पण काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आपलं बोट पुढे केलं होतं.

मुलीसाठी करायचं ते साधं आहे. तिला सिगारेटपासून लांब ठेवा. आमवाताच्या बाबतीत हा हातात असलेला सगळ्यात पक्का धोका आहे. बोटांचे सांधे सुजले, सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासात गेला नाही आणि हे काही आठवडे चाललं, तर वेळ न घालवता तज्ज्ञांकडे न्या. ते ईएसआर, सीआरपी, अँटी-सीसीपी या रक्ताच्या टेस्ट सांगतील. या जुन्या, कंटाळवाण्या टेस्ट आहेत आणि त्यांच्यावर उपचार ठरतात.

एक मात्र मागणं आहे. या सगळ्या अभ्यासांत युरोप-अमेरिकेतलं रक्त भरपूर आणि आपलं फार थोडं. तुमच्या डॉक्टरांनी संशोधनासाठी नमुना मागितला तर संमतीचा कागद नीट वाचा, शंका विचारा, आणि पटलं तर द्या. फॉर्मवर औषधं लिहिताना कुणी दिलेली 'जडीबुटीची' पुडीही लिहा. स्टेरॉइड पोटात गेलं की एफकेबीपी५ नावाचं जनुक वर जातं. फॉर्मवर 'स्टेरॉइड नाही' आणि इकडे ते जनुक छताला टेकलेलं, असे नमुने आमच्याकडे येतात. खोटं कुणी बोललेलं नसतं, पुडीत काय होतं ते पेशंटला माहीतच नसतं. म्हणून पुडीचं नाव, कधीपासून घेताय, शेवटची कधी घेतली, एवढं लिहा. आणि डॉक्टरांनाही सांगा, कारण तसली पुडी मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.